डोळ्यांदेखत हुकलेले

१७९६ च्या सुरुवातीला ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलाइन यांनी डेव्हिड किनब्रुक या साहाय्यकाला कामावरून काढले. त्याची चूक होती ०.८ सेकंदाची. दुर्बिणीत ताणलेल्या बारीक उभ्या धाग्यांवरून तारा कोणत्या क्षणी सरकतो हे टिपणे त्याचे काम होते. पद्धत जुनी आणि मान्यताप्राप्त होती. आधी घड्याळात सेकंद पाहून ठेवायचा, मग डोळा दुर्बिणीला लावायचा आणि घड्याळाचे ठोके कानांनी मोजत राहायचे. एका ठोक्याला तारा धाग्याच्या अलीकडे किती होता, पुढच्या ठोक्याला पलीकडे किती गेला, यावरून सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने काढायचा. ऑगस्ट १७९५ मध्ये किनब्रुकची नोंद मॅस्केलाइनच्या नोंदीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा पडत होती. त्याला समज देण्यात आली. जानेवारीत फरक आणखी वाढला. साहाय्यकाने स्वतःची काही भलतीच पद्धत लावून घेतली असावी, असा निष्कर्ष मॅस्केलाइन यांनी काढला, आणि वेधांच्या प्रकाशित नोंदींत हा प्रसंग लिहूनही ठेवला.

दोघांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. प्रमुखाची नोंद ती बरोबर, हाताखालच्याची ती चूक. लक्षाच्या अभ्यासाचा पुढच्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा प्रसंग वेगवेगळ्या वेशांत पुन्हा पुन्हा घडताना दिसतो. कोणाच्या तरी नजरेतून काहीतरी सुटते. त्याच्यावर आळशीपणाचा, बेफिकिरीचा, नाहीतर खोटेपणाचा ठपका येतो. मग कधीतरी कोणी ते काम तपासून पाहतो, आणि ते माणसाच्या आवाक्यातलेच नव्हते असे निघते.

किनब्रुकच्या बाबतीत हे तपासणारा माणूस होता कोनिग्सबर्गचा खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिक बेसेल. ग्रिनिचची ती हकिगत सुमारे वीस वर्षांनी त्याच्या वाचनात आली आणि त्याला शंका आली. इतका तरबेज साहाय्यक, समज मिळूनही, जाणूनबुजून चूक कशाला करत राहील? १८२० मध्ये त्याने वाल्बेक या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाबरोबर तेच तारे पाहिले. दोघेही कसलेले निरीक्षक, तरी दोघांच्या नोंदींत सेकंदाहून जास्त फरक पडला. किनब्रुकच्या चुकीपेक्षा मोठा! पुढे खगोलशास्त्रज्ञांनी या फरकाला ‘वैयक्तिक समीकरण’ म्हटले आणि प्रत्येक निरीक्षकामागे किती दुरुस्ती करायची याचे हिशेब मांडायला सुरुवात केली.

फरक का पडतो, याचा शोध मात्र खगोलशास्त्राकडून मानसशास्त्राकडे गेला. विल्हेल्म वुंट यांनी १८६१ मध्ये लंबकाच्या घड्याळाला ठोका जोडून पाहिले. ठोका ऐकू आला त्या क्षणी लंबक नेमका कुठे होता, हे त्यांना सांगता येईना. ठोक्याकडे मन दिले की लंबक पुढे सरकलेला असे, लंबकाकडे दिले की ठोका मागे पडे. कान आणि डोळा एकाच वेळी उघडे असतात, पण मन दोन्हीकडे एकाच क्षणी जात नाही. किनब्रुककडून नेमकी तीच अपेक्षा होती. हेर्मान हेल्महोल्ट्झ यांचा प्रयोग तर याहून नेटका होता. अंधाऱ्या पेटीत अक्षरांचा तक्ता, समोर प्रकाशाचा एक सूक्ष्म ठिपका. नजर त्या ठिपक्यावरच खिळवायची, पण तक्त्याचा कोणता कोपरा पाहायचा हे मनाशी आधी ठरवायचे. मग क्षणभर विजेची ठिणगी. डोळा हलवायलाही वेळ मिळू नये इतक्या अल्प उजेडात त्यांना ठरवलेल्या कोपऱ्यातली अक्षरे वाचता येत, बाकीची नाही. नजर एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे असू शकते, हे यातून सिद्ध झाले.

एवढे हाती असतानाही विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हा विषय जवळजवळ अडगळीत पडला. वर्तनवादाचा काळ होता. बाहेरून मोजता येते तेवढेच शास्त्र, आणि लक्ष तर डोक्याच्या आत. ते पुन्हा प्रयोगशाळेत आले ते दुसऱ्या महायुद्धामुळे.

ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची विमाने अटलांटिकवर तासन्‌तास जर्मन पाणबुड्या शोधत फिरत. रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाने डोळ्यांत तेल घालून पाहत राहायचे. लाटांच्या परावर्तनाने पडदा सतत ठिपक्यांनी भरलेला, आणि त्यात पाणबुडीचा ठिपका उमटलाच तर फिकट. कित्येक फेऱ्यांत तो उमटतही नसे. माणसाला सलग किती वेळ बसवावे, असे हवाई दलाने विचारले. प्रश्न केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ या डॉक्टर-संशोधकाकडे आला.

मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक विचित्र घड्याळ केले. पांढऱ्या कोऱ्या तबकडीवर, जिच्यावर आकडे नाहीत की रेषा नाहीत, एक काळा काटा दर सेकंदाला एक टप्पा सरके. १०० टप्प्यांत एक फेरा. कधीतरी, पाऊण मिनिटाने किंवा दहा मिनिटांनी, काटा एकदम दोन टप्पे उडी घेई. उडी दिसली की कळ दाबायची. अर्ध्या तासात अशा १२ उड्या, आणि बैठक दोन तासांची. एकट्याने, बंद खोलीत. पहिल्या अर्ध्या तासात सुमारे १५ टक्के उड्या हुकल्या. दुसऱ्या अर्ध्या तासात चौथ्या हिश्शाहून अधिक हुकू लागल्या आणि शेवटपर्यंत ते प्रमाण तसेच राहिले. घसरण हळूहळू, दमत दमत होत नव्हती. पहिल्या अर्ध्या तासानंतर लगेचच झाली होती. बसलेली माणसे तरुण, निरोगी, हवाई दल नि आरमारातली.

उपाय काय लागू पडतात, तेही मॅकवर्थ यांनी पाहिले. अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती अशा पाळ्या लावल्या तर घसरण होत नसे. प्रत्येक उडीनंतर बरोबर की चूक हे सांगितले तरी होत नसे. बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाची गोळी दिल्यानेही होत नसे. आणि बैठकीच्या मध्यावर फोन करून ‘पुढचा अर्धा तास आणखी नीट पाहा’ एवढे सांगितले तरी कामगिरी काही वेळ पुन्हा वर चढे. म्हणजे थकले होते ते डोळे नव्हेत. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून निष्कर्ष निघाला तो साधा होता: इतका वेळ इतकी कंटाळवाणी राखण माणसाकडून होत नाही, म्हणून पाळी लहान करा.

त्याआधी, १९४४ मध्ये, केंब्रिजलाच वैद्यकीय संशोधन परिषदेने एक उपयोजित मानसशास्त्र विभाग उभारला होता. पहिला संचालक केनेथ क्रेक, अवघ्या तिशीचा. स्पिटफायरच्या खऱ्या कॉकपिटपासून त्याने वैमानिकांच्या थकव्याचा अभ्यास करणारे एक यंत्र घडवले होते. माणूस आणि यंत्र मिळून एकच संच आहे आणि तो तसाच अभ्यासावा, हा त्याचा आग्रह. मे १९४५ मध्ये, युरोपातले युद्ध संपल्याच्या जल्लोषाच्या आदल्या दिवशी, केंब्रिजच्या रस्त्यावर सायकलवरून जाताना एका मोटारीचे दार अचानक उघडले आणि त्या अपघातात तो गेला. ३१ वर्षांचा होता. सायकलवरच्या माणसाकडे मोटारीतल्या कोणाचे तरी लक्ष गेले नाही, म्हणून.

त्याच विभागात पुढे आलेला डोनाल्ड ब्रॉडबेंट स्वतः हवाई दलातून आला होता. अमेरिकन बनावटीच्या प्रशिक्षण विमानांची एक गोष्ट तो सांगत असे. आसनाखाली दोन अगदी सारखे दांडे असत; एकाने पंखांच्या झडपा चालत, दुसऱ्याने चाके. वैमानिक अधूनमधून चुकीचा दांडा ओढत आणि महागडे विमान पोटावर आपटत. वरिष्ठ वैमानिकाच्या निष्काळजीपणावर तोंडसुख घेत. दोन दांडे वेगळे का करू नयेत, हा विचार मात्र ब्रॉडबेंटला मानसशास्त्राकडे घेऊन गेला.

१९५० च्या दशकातली तातडीची अडचण कानांची होती. विमानतळाच्या नियंत्रण कक्षात एकाच वेळी अनेक वैमानिकांचे आवाज घुमत. कोणाचे ऐकायचे? कॉलिन चेरी या अभियंत्याने १९५३ मध्ये हाच प्रश्न मेजवानीतल्या गलक्याच्या रूपाने मांडला: इतक्या आवाजांत आपण एकाशीच कसे बोलतो? त्याने माणसांच्या दोन कानांना दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एका कानातला मजकूर ऐकत ऐकत मोठ्याने म्हणायला लावला. लोक ते सहज करत. दुसऱ्या कानात काय चालले होते? आवाज पुरुषाचा होऊन बाईचा झाला, किंवा मध्येच शिट्टीसारखा सूर वाजला, तर कळे. मजकूर इंग्रजीऐवजी जर्मन झाला तरी बहुतेकांना पत्ता नसे. काय बोलणे झाले, हे तर कोणालाच सांगता येत नव्हते.

ब्रॉडबेंटने यावरून १९५८ च्या ‘पर्सेप्शन अँड कम्युनिकेशन’ या पुस्तकात सिद्धांत मांडला: मेंदूत येणाऱ्या साऱ्या माहितीच्या वाटेवर एक गाळणी आहे. आवाजाची दिशा, पट्टी असल्या बाह्य खुणांवरून ती एक प्रवाह निवडते, बाकीचे प्रवाह अर्थ लागण्याआधीच अडवते. एक वर्ष आधी त्याने यासाठी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची नळी आणि गोळ्या वापरून यांत्रिक नमुनाही सुचवला होता: दोन्ही फाट्यांतून गोळ्या येतात, जोडावर हलती झडप, आणि खालच्या अरुंद नळीतून एका वेळी एकच गोळी जाते. लक्ष म्हणजे इच्छाशक्ती नव्हे, तर मर्यादित रुंदीची वाट, असे यात पहिल्यांदाच उघडपणे म्हटले होते. विषयाला प्रतिष्ठा परत मिळाली ती या पुस्तकाने.

सिद्धांताला भोक पाडणारे ऑक्सफर्डमध्ये होते. नेव्हिल मोरेने १९५९ मध्ये दाखवले की दुर्लक्ष केलेल्या कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव आले, तर सुमारे तिघांतल्या एकाला ते ऐकू येते. गाळणी अर्थ लागण्याआधीच सारे अडवत असेल, तर नाव आत आले कसे? ॲन ट्रीसमनने एका कानातली गोष्ट मध्येच दुसऱ्या कानात सरकवली. ऐकणारे अर्थाच्या मागे जात एक-दोन शब्द ‘नको त्या’ कानातले म्हणून मोकळे होत आणि त्यांना स्वतःलाच कळत नसे. तिचे म्हणणे असे: गाळणी बंद होत नाही, आवाज कमी करते. दबक्या आवाजातूनही आपले नाव, धोक्याचा शब्द, अपेक्षित पुढचा शब्द जाणिवेपर्यंत पोहोचतो.

ट्रीसमन पुढे कानांकडून डोळ्यांकडे वळली. १९८० मध्ये गॅरी जेलाड याच्यासह तिने मांडलेले म्हणणे असे की रंग, आकार, दिशा ही वैशिष्ट्ये मेंदू एकाच वेळी सगळीकडे, आपोआप टिपतो. पण अमुक रंग अमुक आकाराचाच, ही सांगड घालायला लक्ष लागते, आणि लक्ष एका वेळी एका जागी जाते. हिरव्या अक्षरांत एकच लाल अक्षर असेल तर ते उडी मारून दिसते, मग अक्षरे पाच असोत की तीस. लाल ‘टी’ शोधायचा आणि आजूबाजूला लाल ‘एक्स’ आणि हिरवे ‘टी’ असतील, तर प्रत्येक वाढत्या अक्षरागणिक शोधायला वेळ वाढत जातो. लक्ष दुसरीकडे गुंतवून काही अक्षरे क्षणभरच दाखवली, तर माणसे एका अक्षराचा रंग दुसऱ्याला चिकटवतात आणि जे समोर नव्हतेच ते पाहिल्याचे ठामपणे सांगतात. आपण समोरच्या दृश्याचा फोटो काढत नसून ते तुकड्यातुकड्यांनी जुळवतो, हे यातून ठसले. ट्रीसमनला या कामासाठी अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

पण पाहत असलेली मोठी, ठळक गोष्ट पूर्णच निसटू शकते का? १९७५ मध्ये उलरिक नायसर आणि रॉबर्ट बेकलेन यांनी दोन वेगळ्या खेळांची चित्रफीत एकाच पडद्यावर, एकावर एक दाखवली. एका खेळाकडे लक्ष ठेवणाऱ्यांना दुसऱ्या खेळातल्या विचित्र गोष्टी दिसेनात. नायसरच्या पुढच्या प्रयोगात चेंडूचे पास मोजणाऱ्यांसमोरून छत्री घेतलेली एक बाई खुशाल चालत गेली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार २८ जणांपैकी ती फक्त ६ जणांना दिसली. निकाल थक्क करणारा, तरी फारसा कोणी मनावर घेतला नाही. एकावर एक पडलेली पारदर्शक माणसे भुतांसारखी दिसतात, म्हणून न दिसली असतील, अशी समजूत काढता येत होती. आरिअन मॅक आणि अर्विन रॉक यांनी १९९० च्या दशकात साध्या आकृत्यांवर हेच पुन्हा दाखवले आणि या अंधत्वाला नाव दिले: अनवधानजन्य अंधत्व. त्यांचे पुस्तक १९९८ मध्ये आले, रॉक यांच्या निधनानंतर.

हार्वर्डमध्ये डॅनिअल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ मध्ये भुतांची सबब काढून टाकली. पारदर्शक नव्हे, साधी, सरळ चित्रफीत. एक चमू पांढऱ्या शर्टांत, एक काळ्या. एका चमूचे पास मोजायचे. मध्येच गोरिलाच्या वेशातली एक व्यक्ती चमूंच्या मधून चालत जाते. एका आवृत्तीत मध्ये थांबून छातीही बडवते. मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना गोरिला दिसलाच नाही. पांढऱ्यांचे पास मोजणाऱ्यांपेक्षा काळ्यांचे मोजणाऱ्यांना तो काळा गोरिला जास्त वेळा दिसला. म्हणजे मन काय शोधत आहे यावर डोळ्यांना काय दिसेल हे ठरते. पुढे डॅनिअल मेमर्ट यांनी मुलांवर हाच प्रयोग करून नजर टिपणाऱ्या यंत्राने पाहिले तेव्हा गोरिला न दिसलेली मुलेही त्याच्याकडे, दिसलेल्यांइतकाच वेळ, बघत होती. हेल्महोल्ट्झचा अंधाऱ्या पेटीतला निष्कर्ष हाच होता, फक्त उलट बाजूने. २००४ मध्ये सायमन्स आणि शाब्री यांच्या प्रयोगाला इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळाले.

तरबेज माणसांचे काय? २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठीच्या ४८ पट मोठा गोरिला टाकलेला होता. २० जणांना दिसला नाही. न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर नेमकी त्यावरून गेली होती. गाठी शोधणे हे त्यांचे कौशल्य होते, आणि त्या कौशल्यात गोरिला बसत नव्हता.

या साऱ्याचा न्यायालयाशी संबंध आला तो बोस्टनमुळे. २५ जानेवारी १९९५ च्या पहाटे पोलीस एका गोळीबारातल्या संशयितांचा पाठलाग करत होते. साध्या कपड्यातला मायकेल कॉक्स हा कृष्णवर्णीय पोलीस एका संशयितामागे कुंपणाकडे धावला, आणि त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला संशयित समजून बेदम मारले. आधी तर तो बर्फावरून घसरून पडल्याचे सांगण्यात आले. मारहाण चालू असताना केनेथ कॉन्ली हा पोलीस शेजारून पळत गेला, कुंपणावरून चढला आणि त्याने संशयिताला पकडले. मारहाण पाहिली नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. पाहिली नसणे शक्यच नाही, तो सहकाऱ्यांना पाठीशी घालतो आहे, असे सरकारी पक्षाचे म्हणणे. १९९८ मध्ये तो शपथेवर खोटे बोलल्याबद्दल दोषी ठरला आणि ३४ महिन्यांची शिक्षा झाली.

शाब्री आणि सायमन्स यांनी सहकाऱ्यांसह हा प्रसंग कॉलेजच्या आवारात उभा केला. पुढे धावणाऱ्याच्या मागे ठरावीक अंतरावर धावायचे, आणि तो डोक्याला किती वेळा हात लावतो ते मोजायचे. वाटेत तिघेजण मारामारीचे नाटक करत होते. रात्री २० पैकी ७ जणांनाच मारामारी दिसली. दिवसाढवळ्या ५६ टक्क्यांना. कॉन्लीने खरेच पाहिले नव्हते, हे यातून सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. ‘पाहिले नसणे शक्यच नाही’ हा आधार मात्र यातून निखळतो. पण तो आधार किती जणांच्या मनात घट्ट आहे, हेही त्यांनीच त्याच वर्षी, २०११ मध्ये, अमेरिकनांच्या पाहणीतून दाखवले: आपण दुसऱ्या कामात गुंतलो असलो तरी समोर अनपेक्षित काही आले तर दिसतेच, असे तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांना वाटत होते. ज्यूरीत बसणारे लोक यांच्यातूनच निवडले जातात.

कॉन्ली सुटला तो गोरिलामुळे नव्हे. सरकारी पक्षाने एका साक्षीदाराच्या विश्वासार्हतेबद्दलची नोंद बचाव पक्षापासून लपवली होती, म्हणून शिक्षा रद्द झाली आणि २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ते कायम केले. माणसाच्या लक्षाला मर्यादा असते का, यावर कोणत्याच न्यायाधीशाला बोलावे लागले नाही. कॉन्ली पोलीस दलात परतला. मायकेल कॉक्स २०२२ मध्ये बोस्टनचा पोलीस आयुक्त झाला. त्याला मारणाऱ्यांपैकी कोणावरही त्या मारहाणीसाठी फौजदारी गुन्हा शाबीत झाला नाही. त्या रात्रीच्या प्रकरणात तुरुंगवासाची शिक्षा सुनावली गेली ती मारहाण न दिसल्याचे सांगणाऱ्या माणसाला.